नगर म्हणजे नेमके कोणते?

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. शेरा होता : पत्ता जुळत नाही. वडिलांच्या दाखल्यावर तालुका 'नगर', जिल्हा 'अहमदनगर'. अर्जातल्या यादीत फक्त 'अहिल्यानगर'. मुलीने स्वतः लिहिलेल्या कच्च्या प्रतीत तालुकाही 'नगर' आणि जिल्हाही 'नगर'. तिने विचारले, "सर, मी चुकले कुठे?"

खरे तर ती चुकलीच नव्हती. आपण बोलतोच तसे. एसटीत "एक नगर द्या" म्हटले की ते शहर. सातबाऱ्यावर 'तालुका नगर' म्हणजे शहर आणि भोवतालची गावे. आणि पुण्यात कुणी "आम्ही नगरचे" म्हणाला तर तो जामखेडचाही निघतो, संगमनेरचाही. १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा आपण एका शब्दात बसवतो. त्यातच आपल्या अकोले तालुक्याचा माणूस "मी अकोल्याचा" म्हणाला की ऐकणारा विदर्भात पोहोचतो. कर्जत आपल्याकडे आहे, तसे रायगडातही आहे.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवले. त्याचे नाव शहराला आणि जिल्ह्याला लाभले; तालुक्याच्या वाट्याला नुसते 'नगर' आले. २०२४ मध्ये शहर आणि जिल्हा 'अहिल्यानगर' झाले. चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी या आपल्याच जिल्ह्याच्या लेक, त्यांच्याविषयी मनात आदर आहे. अहमदचे नाव गेल्याची खंतही आहे, ती मी लपवत नाही. पण हा वाद राजकारणात चालत राहील. अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. त्या मुलीच्या आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली, ती कुणी भरून देणार नाही.

उपाय अवघड नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला वेगळा आकडी कोड आहे. नाव बदलले तरी जागा हलत नाही. कार्यालयांनी कोडवरून ठिकाण ओळखावे आणि जुन्या नावाचा दाखला तसाच स्वीकारावा. नावे जोडून घेण्याचे काम यंत्रणेचे आहे, नववीतल्या मुलीचे नाही.

तोवर आपण एवढे करू. जुने दाखले जपून ठेवा, त्यांवर खाडाखोड करू नका. अर्जात गाव, तालुका, जिल्हा तिन्ही वेगवेगळे आणि पूर्ण लिहा. जिल्ह्याच्या रकान्यात नुसते 'नगर' नको. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, 'माझा पत्ता' हा धडा एकदा फळ्यावर घ्याच. मी घेतला. तीसपैकी अकरा मुलांनी जिल्हा 'नगर' लिहिला होता.