पिकअप धक्के देतोय? आधी प्लग बघा

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतो. पण मारुती सुपर कॅरीसारख्या पेट्रोल-सीएनजी गाडीला असतो आणि घरखर्च त्याच गाडीवर चालत असेल, तर लाखभर किलोमीटरनंतर त्याच्याकडे डोळेझाक परवडत नाही. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, माल भरून चढावर धक्के देते, मायलेज घसरतं.

प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पडते. टोकं झिजली की फट वाढते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ताण कॉइलवर येतो. सीएनजीला मुळातच पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशी गाडी आधी गॅसवर अडखळते. न जळलेलं इंधन पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. तो खर्च ऐकलात तर प्लग फुकट वाटतील!

सुपर कॅरीला 4 प्लग असतात, चारही एकदम बदला. नंबर मॅन्युअलमध्ये दिलेलाच घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं, प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवायची. नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवा, पाना शेवटी. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले, तर शंभरांतलं काम हजारांत जातं.

जुने प्लग गॅरेजमधून मागून घ्या. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. तेलाने ओलं असेल, तर सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय. नव्या प्लगने ते थांबणार नाही.