खेळ बंद करा, पण सर्व्हर मागे ठेवा

मा. ना. ॲड. आशिष शेलार,
माहिती तंत्रज्ञान व सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य



आपल्याकडे जी दोन खाती आहेत, त्यांच्या मधल्या फटीत माझं म्हणणं पडतं. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरे सगळ्यांसाठी 2050 पर्यंतचा आराखडा आणि 3,268 कोटी रुपये. पोरगं गेम खेळतं म्हणजे वाया गेलं, यापलीकडे सरकारदरबारी काही विचार झाला याचा बोईसरमधल्या आम्हा लोकांना आनंदच झाला. मात्र त्यानंतर चर्चा झाली ती गुंतवणुकीची, रोजगाराची आणि पार्कांची. दहा वर्षांनी कंपनीचा गेममधला रस संपला की त्या गेमचं काय होतं, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. 2050 पर्यंतचा विचार करणाऱ्यांनी तरी ते विचारायला हवं.

काय होतं ते सांगतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. अख्खी अमेरिका आटोपशीर करून एका नकाशात बसवलेली. वाटेल तिकडे गाडी हाका. एकट्याने खेळायचं असलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. 31 मार्च 2024 ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क लोकांच्या कपाटात शोभेची वस्तू होऊन बसली. पुढे तर लोकांच्या खात्यांतून गेमचे परवानेही काढून घेतले. कॅलिफोर्नियात दोन ग्राहक कोर्टात गेले, तेव्हा कंपनीचं उत्तर होतं की तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, वापरायचा मर्यादित परवाना घेतला होता. कायद्याच्या भाषेत ते टिकेलही. पैसे घेताना मात्र बटणावर ‘परवाना घ्या’ असं कुणी लिहीत नाही. त्याच कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा आहे: नुसता परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगा.

‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडे दिलेल्या निवेदनावर साडेबारा लाखांहून अधिक सह्या वैध ठरल्या. इकडे चाहत्यांनी स्वतःच सर्व्हरची नक्कल लिहायला घेतली आणि सप्टेंबर 2025 मध्ये गेम पुन्हा चालू करून दाखवला. म्हणजे काम अशक्य नव्हतंच. कंपनीने जाता जाता केलं असतं तर लोकांची दीड वर्षांची उरस्फोड वाचली असती.

ही फार लांबची गोष्ट आहे असं समजू नका. याच कंपनीने 2008 साली पुण्यात आणि 2018 साली मुंबईत स्टुडिओ थाटला. आपल्या धोरणाचा लाभ घ्यायला पुढे येणाऱ्यांत अशा कंपन्या असणारच.

आता आमच्या गावाकडचं. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ हा गेम 2004 चा, संगणकावर 2005 मध्ये आला. पालघर-बोईसरच्या सायबर कॅफेंत ज्यांची कॉलेजची वर्षं गेली त्यांना तो वेगळा सांगायला नको. (त्या सीड्या कुठून यायच्या, हे मात्र न विचारलेलं बरं.) मारामारीचा गेम अशी त्याची ख्याती, आणि ती खोटी नाही. पण खरी गंमत त्या मोकळ्या जागेत होती. तीन शहरं, डोंगर, वाळवंट, हायवे, रेल्वे, विमानतळ. गोष्ट पुढे नेलीच पाहिजे अशी सक्ती नाही. अशा गेमला सँडबॉक्स म्हणतात: वाळू दिली आहे, काय बांधायचं ते तुम्ही बघा. संगणकावर हा गेम एकट्यानेच खेळायचा होता. त्याला मल्टिप्लेअर जोडला तो कंपनीबाहेरच्या हौशी प्रोग्रामरांनी. एक एमटीए आणि दुसरा सा-एमपी, ज्याला आम्ही सगळे ‘सॅम्प’ म्हणतो.

सॅम्पचा सर्व्हर म्हणजे एक छोटंसं फोल्डर. त्यातल्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट 7777, खेळाडू 50 आणि ॲडमिनचा पासवर्ड ‘चेंजमी’. हा पासवर्ड बदलल्याशिवाय सर्व्हर सुरूच होत नाही. सायबर सुरक्षेचा पहिला धडा मला कुठल्या क्लासमध्ये मिळाला नाही, त्या एका ओळीने दिला. मग येतो गेममोड. तो पॉन नावाच्या भाषेत लिहायचा; सी थोडीफार येत असेल तर पॉन जमते. सर्व्हरवरचं सगळं राज्य त्यात ठरतं. ड्रायव्हरला पगार किती, गाडी ठोकली तर भुर्दंड किती, पोलीस कोण व्हायचं आणि पोलिसाने हात ओले केले तर त्याला काढायचं कुणी. आमच्या सर्व्हरवर ट्रकची एक खेप होती. नकाशा अमेरिकेचा, पण आम्ही ती चिल्हार फाट्यावरून एमआयडीसीत माल आणायचा अशा हिशेबाने आखली होती. टँकर उलटला की स्क्रिप्ट तो रस्ता बंद करायची आणि चॅटमध्ये शिव्यांचा पाऊस पडायचा. त्या शिव्याही रोमन अक्षरांत, कारण सॅम्पच्या चॅटमध्ये देवनागरी उमटत नाही, नुसती प्रश्नचिन्हं येतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरही तिथे आमची मराठी इंग्रजी अक्षरांतच नांदते आहे. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांच्या कानावर असावं म्हणून सांगितलं.

पण एवढा जुना गेम टिकला कसा, हे पाहण्यासारखं आहे. 2014 मध्ये गाण्यांचे हक्क संपले म्हणून अपडेटमधून काही गाणी उडाली. त्या अपडेटनंतरच्या गेमवर सॅम्प चालेना. लोक मुद्दाम पहिल्या आवृत्तीवर परत जायला शिकले आणि त्यासाठी छोटे प्रोग्राम लिहून एकमेकांना देऊ लागले. नोव्हेंबर 2021 मध्ये गेमच्या मूळ कंपनीने नवी रंगरंगोटी केलेली आवृत्ती आणली आणि त्याआधीच जुनी विक्रीतून काढली. ओरड झाल्यावर परत ठेवली. सॅम्पच्या मूळ कर्त्यानेही पुढे हात काढून घेतले, 0.3.7 ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती 2015 ची. त्याचा कोड खुला नव्हता, तेव्हा सगळं तिथेच संपायचं. तसं झालं नाही. जुने खेळाडू आणि स्क्रिप्ट लिहिणारे एकत्र आले, ‘ओपन मल्टिप्लेअर’ नावाने सर्व्हर पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला, ओपन सोर्स केला आणि आमच्या जुन्या स्क्रिप्ट तशाच चालतील याची काळजी घेतली. एमटीए तर आधीपासूनच ओपन सोर्स आहे. आज हा गेम विशीत आहे आणि रात्री सर्व्हरवर माणसं असतात.

‘काउंटर-स्ट्राइक’चंही तेच. 1999 मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’वर केलेला तो एक मॉड, म्हणजे मूळ गेमवर बाहेरच्यांनी केलेला बदल. सर्व्हरचा प्रोग्राम ‘हाफ-लाइफ’च्या कंपनीने पहिल्यापासून लोकांच्या हाती दिला, म्हणून जुना 1.6 आजही लॅनवर रंगतो. आणि ज्या पबजीपायी आपल्याकडच्या आयांनी मोबाईल लपवून ठेवले, तोही ब्रेंडन ग्रीन या माणसाने ‘आर्मा’ गेमवर केलेल्या मॉडमधून जन्माला आला. ज्या उद्योगासाठी आपण तीन हजार कोटींचा विचार करता, त्याची बरीचशी बियाणी अशा फुकट मशागत करणाऱ्यांच्या वाफ्यात तयार झाली आहेत.

बनवणारा निघून गेला तरी वस्तू चालू राहू शकते, याला आमच्या भागात एक मोठा दाखला आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभ्या केल्या. 1969 च्या ऑक्टोबरात त्या व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागल्या. इंधन अमेरिकेनेच पुरवायचं असा 1963 चा करार होता. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. बनवणाऱ्याने पाठ फिरवली, तरी भट्ट्या बंद पडल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात युरेनियम फ्रान्सकडून आलं, पुढे चीनकडून, रशियाकडून. त्याचे इंधन-जुडगे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बांधले गेले. देखभाल आपल्याच माणसांनी केली. गेमची आणि अणुभट्टीची तुलना ऐकून केंद्रातले काका लोक हसतील, हसू देत. मुद्दा एवढाच की यंत्र तारापुरात होतं, चालवणारे तारापुरात होते आणि ते बंद करायचं बटण अमेरिकेतल्या कुणाच्या टेबलावर नव्हतं. आजच्या गेमचं बटण नेमकं तिथे असतं.

गेम आपल्या हातात असला पाहिजे, हे मराठी मुलांना कळत नाही असंही नाही. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा 2017 चा मोबाईल गेम बघा. कंपनी इंडोनेशियाची, रस्ते इंडोनेशियाचे. पण तिने आपली गाडी आपण बनवून टाकायची सोय ठेवली, आणि आपल्या पोरांनी त्यात लालपरी आणली, शिवशाही आणली. परक्या घाटात एसटी उतरते तेव्हा कळतं की पोरांना नुसतं खेळायचं नसतं, त्यात आपलं काही घालायचंही असतं. हे सगळं एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर उभं आहे.

आपलं सरकार जुनी वस्तू जपत नाही, असं मी म्हणणार नाही. 2025 मध्येच लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार परत आली, ती मुंबईत आणायला आपण स्वतः पुढे होता. मूकपटांचा बहुतेक ठेवा नाहीसा झाल्यावर का होईना, 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. पुस्तकांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांना देण्याचा कायदा 1954 पासून आहे. गेमसाठी असं काही नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचं आढळलं. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमची तर डिस्क जपूनही उपयोग नाही. अर्धा गेम कंपनीच्या यंत्रावरच असतो.

कॉपीराइट केंद्राचा विषय आहे, हे मला ठाऊक आहे. 1957 च्या कायद्यातल्या कलम 52 मध्ये, एका प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती कायदेशीर प्रतधारकाने मिळवायला थोडी मोकळीक आहे, पण तिच्या भरवशावर बोईसरचा कुणी विद्यार्थी परदेशी कंपनीच्या वकिलाशी भांडायला जाणार नाही. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा भर पैसे लावायच्या खेळांवर आहे. ते योग्यच झालं, पण आमचा प्रश्न त्याच्या वाटेत येत नाही.

राज्याच्या हातात अनुदान आहे, आणि अनुदानाला अट घालता येते. महाराष्ट्राच्या पैशातून, जमिनीतून किंवा सवलतीतून बनलेला गेम सर्व्हरवर चालणार असेल, तर तो बंद करताना कंपनीने दोनातलं एक करावं: ऑफलाइन चालेल असा शेवटचा अपडेट द्यावा, नाहीतर खेळाडूंना स्वतः चालवता येईल असा सर्व्हरचा प्रोग्राम मोकळा करावा. कंपनीने तोट्यात सर्व्हर चालवत राहावं असं कुणीच म्हणत नाही. बाहेरून घेतलेले काही भाग आम्हाला देता येत नाहीत, असं कंपन्या सांगतील. गेम बनून झाल्यावर ती अडचण खरी असते. अट पहिल्या दिवशी माहीत असेल तर त्याप्रमाणे बांधणी करता येते, जशी इमारत बांधतानाच जिन्याची सोय करतात.

हॅकिंग, मुलांची छळणूक, चोरीच्या प्रती असे आक्षेप येतील. ते कंपनीच्या सर्व्हरवरही होतं. आमच्याकडे निदान ॲडमिन ओळखीचा असतो, आणि त्याला मराठीत दोन शब्द सुनावता येतात.

दुसरी मागणी लहान आहे. घरच्या इंटरनेटला हल्ली स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहक एकाच आयपीमागे दडवलेले असतात. त्यामुळे घरच्या संगणकावर सर्व्हर उभा केला तरी बाहेरच्याला तो दिसत नाही. त्यात पावसाळ्यातली वीज! मग भाड्याचा सर्व्हर घ्यायचा आणि महिन्याच्या महिन्याला वर्गणी काढायची. कमावत्यांना जमतं, अकरावी-बारावीतल्या मुलांना नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयमध्ये किंवा तंत्रनिकेतनात एक संगणक, एक सार्वजनिक आयपी आणि देखरेखीला एक शिक्षक एवढं दिलं तरी विक्रमगड-जव्हारच्या मुलाला स्वतःचा सर्व्हर टाकून बघता येईल. आमच्या सर्व्हरवर ट्रकच्या खेपेची स्क्रिप्ट लिहिणारा मुलगा आज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रांचं नियंत्रण करणारा पीएलसी सांभाळतो. लिनक्स आणि डेटाबेस तो इथेच शिकला.

ही दुसरी मागणी मागे राहिली तरी चालेल, पहिली राहू नये. धोरण मंजूर झालं आहे, आता त्याच्या अंमलबजावणीचे शासन निर्णय निघतील. त्यातल्या अनुदानाच्या अटींत गेम बंद करण्याविषयीचं एक कलम घालावं, एवढी विनंती. मसुदा हवा असेल तर तो लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
बोईसरचा एक सर्व्हरवाला