कर विकताना नव्हे, भाड्याने देतानाच ठरतो

लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसच्या वस्त्यांत एकाच साच्यातली घरे पुष्कळ आहेत. वडील शिक्षक किंवा जिल्हा परिषदेत नोकरीला. प्लॉट घेऊन आधी दोन खोल्या बांधल्या. शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला तशा वर रूम चढल्या आणि बाहेरगावची मुले राहायला आली. पुढे घरची मुले पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला गेली, आईवडीलही त्यांच्यामागे गेले आणि अख्खे घर भाड्यावर गेले. ही घरे आता विक्रीला निघू लागली आहेत. पक्षकार आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: “आम्ही इतकी वर्षे स्वतः राहिलो, मग भाड्याने दिले. टॅक्स कसा पडेल?”

कोण किती वर्षे राहिले याच्याशी आपल्या कायद्याला देणेघेणे नाही. हा हिशेब अमेरिकेतला. तिथे विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षे स्वतः राहिलेले असाल तर अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ होतो आणि भाड्याच्या काळातला घसारा मात्र वेगळा वसूल होतो. तिकडे राहणारा मुलगा फोनवर वडिलांना हेच समजावून सांगतो आणि वडील ते आपल्या टेबलावर आणून ठेवतात. आपल्याकडे कलम 54 साठी घर राहते असो, भाड्याचे असो किंवा कुलूप लावलेले असो, फरक पडत नाही. अट वेगळीच आहे: त्या घराचे उत्पन्न ‘घरमालमत्तेपासून उत्पन्न’ या शीर्षाखाली करपात्र असले पाहिजे. म्हणजे प्रश्नाचे उत्तर मागच्या रिटर्न्समध्ये आहे, आणि ती रिटर्न्स आपणच भरलेली आहेत.

इथे खरी गोम आहे. रूम, मेस आणि बायोमेट्रिक हजेरी अशी होस्टेले झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते उत्पन्न धंद्याच्या शीर्षाखाली नेले. कलम 44एडी सोपे वाटले: जमेच्या आठ टक्के, बँकेतून आले असेल तर सहा, हिशेबवह्यांची कटकट नाही. घरमालमत्तेत मिळणारी 30 टक्क्यांची सरसकट वजावट सोडूनही कर कमी बसत होता. पण त्याच कलमाची तिसरी पोटतरतूद सांगते की घसारा दरवर्षी घेतला आणि मिळाला असे समजूनच मालमत्तेचे घटवलेले मूल्य काढायचे. “आम्ही घसारा कधी लिहिलाच नाही” हा बचाव त्यामुळे तोकडा पडतो. विभाग कलम 50 पुढे करतो आणि इमारतीवरचा नफा कितीही वर्षांचा असला तरी अल्पकालीन ठरवू पाहतो.

यावर दोन उत्तरे हाताशी ठेवावीत. पहिले, जमिनीला घसारा नसतो. जमीन आणि वरची इमारत या दोन स्वतंत्र मालमत्ता मानून नफा विभागता येतो, आणि आपल्या शहरांतल्या जुन्या घरात किंमत असते ती जवळपास सगळी जमिनीचीच. खरेदीखतात एकच ठोक रक्कम लिहू देऊ नका. दुसरे, कलम 50 चे गृहीतक फक्त नफा मोजण्यापुरते आहे. मालमत्ता मुळात दीर्घकाळ धारण केलेली असेल तर सवलतीचे दार त्याने बंद होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एस बिल्डर्सच्या प्रकरणात म्हटले. तीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गोव्याच्या व्ही. एस. डेम्पो कंपनीच्या प्रकरणात उचलून धरली. पण ही प्रकरणे कलम 54ई ची होती. कलम 54 ची शीर्षाची अट त्यांनी पुसलेली नाही. ती अट निसटली तर मग कलम 54एफ उरते, तेही विकलेली इमारत ‘निवासी घर’ ठरत नसेल तरच; शिवाय तिथे केवळ नफा गुंतवून भागत नाही, पूर्ण माफीसाठी विक्रीची सगळी निव्वळ रक्कम नव्या घरात घालावी लागते. साठ लाखांच्या व्यवहारात हा फरक किती मोठा आहे हे आपल्याला सांगायला नको.

2024 च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने कलम 28 ला एक स्पष्टीकरण जोडले. कर निर्धारण वर्ष 2025-26 पासून मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न धंद्याचे नाही, घरमालमत्तेचेच. जेवणासह चालणारे होस्टेल ‘भाड्याने दिलेले घर’ आहे का, यावर वाद होतील. आमचे मत असे की जिथे नुसत्या रूम दिल्या आहेत तिथे 44एडी चा मोह आता पूर्ण सोडावा. मेस असेल तर मेसचा हिशेब आणि रूमचे भाडे वेगळे दाखवावे, पावत्याही वेगळ्या फाडाव्यात. आज थोडा जास्त कर भरायला लावल्याबद्दल पक्षकार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

दराबद्दल आता थोडक्यात. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही हिशेबांतला कमी कर भरता येतो: निर्देशांकाविना 12.5 टक्के किंवा निर्देशांकासह 20 टक्के. 2001 च्या आधीचे घर असेल आणि विक्री 2025-26 मध्ये असेल तर निर्देशांक 376 आहे. विक्रीची किंमत 1 एप्रिल 2001 च्या मूल्याच्या साधारण 8.36 पटींहून जास्त असेल तर नवा दर फायद्याचा, कमी असेल तर जुना. चार लाखांचे घर साठ लाखांना गेले तर नव्या पद्धतीने सात लाख कर, जुन्या पद्धतीने नऊ लाखांच्या आत-बाहेर (अधिभार-उपकर वेगळे). 2013-14 मध्ये तीस लाखांना घेतलेले घर साठ लाखांना गेले तर चित्र उलटे: जुन्याने पावणेदोन लाख, नव्याने पावणेचार. 2001 चे मूल्य मूल्यांककाने कितीही फुगवले तरी त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. म्हणून आधी 2001 चा रेडी रेकनर काढा, अहवाल नंतर.

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर मिळालेल्या पुनर्वसनाच्या घरांबद्दल हमखास विचारले जाते की फुकट मिळालेल्या घराची किंमत शून्य धरायची का. घर 1 एप्रिल 2001 पूर्वी नावावर झाले असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते. मात्र हस्तांतरणावर काही अट आहे का, ते मिळकतीच्या कागदांवर आधी पाहा.

सुधारणा खर्चात आपण फार सोडून देतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले त्या वर्षी लातुरात ज्यांनी बोअर पाडले, त्यांचे बिल असेल तर तो भांडवली खर्च आहे. गुंठेवारी नियमित करायला भरलेली रक्कमही चलन दाखवून मागावी. रंगरंगोटी आणि गळतीची डागडुजी मात्र चालणार नाही. गृहकर्जाच्या ज्या व्याजाची वजावट आधी घेतली आहे, तेही 2023 च्या दुरुस्तीनंतर खरेदी किमतीत मिळवता येत नाही.

शेवटी वारसदार. वडिलांच्या पश्चात घर तीन भावंडांच्या नावे, एक नांदेडला, एक पुण्यात, बहीण न्यू जर्सीत. निर्देशांक वडिलांनी घर घेतले त्या वर्षापासून मोजता येतो, हे मंजुळा शहा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले आहे. पण 20 टक्क्यांचा पर्याय अनिवासी बहिणीला नाही. तिच्या हिश्श्यावर उगम करकपातीचे पन्नास लाखांची मर्यादा आणि एक टक्का हे नियमही नाहीत. तिथे कलम 195 लागते आणि खरेदीदार घाबरून मोठी रक्कम कापून घेतो. म्हणून कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज इसार झाल्याबरोबर टाका, खरेदीखताची तारीख प्रमाणपत्र हातात आल्यावरच ठरवा. नवे घर वेळेत मिळत नसेल तर रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी भांडवली नफा खात्यात जाऊ द्या. हे खाते ग्रामीण शाखेत उघडत नाही, तेव्हा गावच्या बँकेत हेलपाटे घालू नका. 1 एप्रिल 2026 पासूनच्या आयकर अधिनियम 2025 मध्ये कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. इथले सगळे क्रमांक 1961 च्या कायद्याचे आहेत.