सुशीला भेटली का?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ बदलीची ऑर्डर परभणीची निघाली, की ऑफिसातलं कुणीतरी ही म्हण ऐकवतंच. पण मंडळी, ऐकवणाऱ्याला सुशीला भेटलेली नसते!

गैरसमज नको. सुशीला हा मराठवाड्यातला चुरमुऱ्यांचा नाश्ता. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-हळदीच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचं पीठ भुरभुरायचं. पोह्यांची चुलतबहीणच, पण पोटाला हलकी. सोबत मिरचीचे भजे मस्ट!

एका स्टोरीसाठी आठवडाभर परभणीत होते. तिथे स्टेशनजवळ एक छोटं हॉटेल सापडलं. चार बाकडी, एक कढई. “बसा की ताई, गरम भजे निघायलेत,” हॉटेलवाले काका म्हणाले. बाकड्यावर रिक्षावाले, १९७२ सालापासून इथे असलेल्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी आणि बँकेत नवाच लागलेला, कोल्हापूरहून आलेला एक मुलगा.

तिसऱ्या दिवशी कमी साखरेचा चहा न सांगता माझ्यापुढे आला. त्या मुलाला मात्र काकांनी फैलावर घेतलं, “काल दिसला नाहीस? बरं होतं ना?” ताप होता म्हणे. रूमवर एकटाच पडून होता. दिवसभरात हे विचारणारे काका पहिलेच.

बिल? मॉलमधल्या एका कॅपुचिनोच्या पैशांत इथे चौघांचा नाश्ता!

म्हणून फंडा सिंपल आहे. नव्या शहरात गेलात, की वायफायच्या आधी नाश्त्याचं हॉटेल शोधा. आणि रोज तिथेच जा. एखाद्या दिवशी नाही गेलात, तर कुणाला तरी कळायला हवं ना!