दुष्काळात कामाची हमी, साथीत विश्रांतीची का नाही?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अचलपूर या शहरांत पुन्हा टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा करोनाची पहिली लाट ओसरल्याच्या समाधानात उर्वरित महाराष्ट्र बराचसा निश्चिंत होता. दोन महिन्यांच्या आतच सारे राज्य दुसऱ्या लाटेत सापडले. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला ‘डेल्टा’ हे नाव दिले, तो प्रकार मूळ विषाणूच्या सुमारे दुप्पट संसर्गजन्य होता.

अशा विषाणूशी लढताना एकेक दिवस मोलाचा असतो. लक्षणे दिसण्यापूर्वीच बाधित माणूस इतरांना संसर्ग देऊ लागतो. म्हणून पहिल्या शंकेसरशी चाचणी करावी आणि अहवाल येईपर्यंत घरीच थांबावे, हा वैद्यकशास्त्राचा सल्ला बिनतोड आहे. प्रश्न आहे तो हा सल्ला पाळणे कोणाला परवडते, हा.

अंगात कणकण असलेला गवंडी घरी राहिला, तर त्याचा लाभ शेजाऱ्यांना, सोबतच्या मजुरांना आणि बसमधील प्रवाशांना होतो. बुडालेल्या रोजाचा तोटा मात्र त्याच्या एकट्याच्या चुलीला सोसावा लागतो. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, असा व्यवहार केवळ उपदेशाने तडीस जात नाही. हातावर पोट असलेला माणूस मग चाचणीच टाळतो. त्याला बेजबाबदार ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

२०२० मध्ये शासनाने हाती घेतलेला १८९७ चा साथरोग कायदा माणसांना रोखण्याचे अधिकार देतो. रोखलेल्या माणसाच्या पोटाची तरतूद त्यात नाही. १४ एप्रिल २०२१ पासूनच्या कडक निर्बंधांसोबत राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु ज्याची नोंद नाही त्याला त्यात स्थान नव्हते. शिवाय ती सरसकट निर्बंधांची भरपाई होती, आजारी माणसाने वेळीच घरी थांबावे यासाठीची तजवीज नव्हे.

अशी तजवीज अशक्य कोटीतील नाही. न्यूझीलंडमध्ये २०२१ साली अलगीकरणामुळे काम बुडणाऱ्यांच्या वेतनापोटी सरकार मालकांना रक्कम देत असे. तेथेही डेल्टाचे समूळ उच्चाटन झाले नाही, हे खरे. पण लसीकरणासाठी बहुमोल अवधी मिळाला. आपल्याकडेही १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने विमाधारक कामगाराला आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याची तरतूद केली. तत्त्व जुनेच आहे; ते असंघटितांच्या दारापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, खोट्या मागण्यांचा. पण येथे चाचणीचा अहवाल हाच पुरावा असेल, आणि मुदत फार तर पंधरवड्याची. दुसरा, तिजोरीचा. काही हजार रुग्णांना आठवडाभराची मजुरी देणे महाग, की साऱ्या राज्याचे व्यवहार महिनोन् महिने आखडून धरणे महाग, याचे उत्तर द्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र असंघटितांच्या याद्या आणि रक्कम देण्याची यंत्रणा साथ येण्यापूर्वीच सिद्ध हवी. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील शिक्षक व कारकून यांच्या पगारातून झालेल्या त्या कपातीने खेड्यातील मजुराला काम मिळाले. दुष्काळात काम मिळणे हा ज्या राज्याने मजुराचा हक्क मानला, त्याने साथीत घरी थांबणे हाही त्याचा हक्क मानावा. त्यात उपकार कोणावरच नाही. मजुराने घरी थांबून राखलेले आरोग्य अखेर पगारदाराच्याही घरचे असते.