चंद्रोदय आपल्याच गावचा हवा

मैत्रिणींनो, आज पाककृती नाही की शिवणटिपण नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती व्हायची नाही.

मुंबईहून यजमानांची नागपूरला बदली झाली, त्यानंतरची ती पहिलीच संकष्टी. आभाळ भरून आलेलं. सासूबाईंना मधुमेह, गोळ्या चालू. पण "इतक्या वर्षांचा नेम, आता कुठे मोडू गं?" म्हणून दिवसभर नुसत्या चहावर. रात्री म्हणाल्या, "अगं, चंद्र काही दिसायचा नाही. तुझ्या त्या मोबाइलला विचार बाई, कधी उगवतोय ते." मी पाहिलं आणि ठसक्यात सांगितलं, "नऊ पन्नास!"

साडेनऊ वाजून गेले आणि शेजारच्या काकू मोदक घेऊन आल्या. "अजून उपास सोडला नाही? चंद्रोदय तर केव्हाच झाला!" तेवढ्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं. हाताला कंप, कपाळावर दरदरून घाम. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दिली, पाठोपाठ पान वाढलं, तेव्हा कुठे त्या सावरल्या. मग मोबाइल उघडून बघते तो काय, त्यात गाव 'मुंबई'च राहिलेलं!

आता यातलं मर्म सांगते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य-चंद्र आधी उगवतात. एका रेखांशाला साधारण चार मिनिटे. मुंबई आणि नागपूर यांत सहा रेखांशांहून थोडे अधिक अंतर आहे, म्हणजे झाली पंचवीसेक मिनिटे. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. शिवाय चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून कालची वेळ आज कामाची नाही.

ही सारी आकडेमोड मोबाइलमधले किंवा संगणकावरचे प्रोग्रॅम चुटकीसरशी करतात. 'स्टेलॅरियम' नावाचा असा एक प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतो. तारीख आणि गाव दिले की सूर्य-चंद्र कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर, ते चित्रासकट दाखवतो. पण त्याला गाव आपणच नीट सांगायचे. पिठात पाणी किती, ते जसे आपल्याच हातात!

म्हणून एवढे करा :

१. प्रोग्रॅममध्ये गावाचे नाव तपासा. बदली झाली, माहेरी गेलात, की पुन्हा तपासा.

२. घरच्या घरी परीक्षा घ्या. एकाच तारखेसाठी आधी मुंबई घाला, मग नागपूर. चंद्रोदय वीस ते तीस मिनिटे आधी दिसला पाहिजे. वेळ तीच राहिली, तर तो प्रोग्रॅम गावाकडे लक्षच देत नाही असे समजा.

३. लेक परदेशी असेल, तर तिला इथली वेळ कळवू नका. तिने आपले गाव आणि तिथलेच घड्याळ धरावे. अमेरिकेत कधी कधी संकष्टी आपल्या तारखेच्या आदल्या दिवशीच येते.

४. दिलेली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची असते. समोर इमारत असेल तर हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. इमारत दोन मुठी उंच भरली, तर उदयानंतर चंद्र तिच्यावर यायला दीड तास सहज लागतो. चंद्र दिसला नाही म्हणजे उगवला नाही, असे नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा. गोळीची मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घड्याळ बघायचे नाही, लगेच साखर द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

त्यानंतर सासूबाई स्वतःच डॉक्टरांशी बोलल्या. आता त्या दुपारी फराळ करतात. मला म्हणाल्या, "गणपती काय घड्याळ लावून बसलाय होय गं?" तरीही दर संकष्टीला चष्मा लावून विचारतातच, "नागपूर घातलंस ना?"