खोटी पत्रे आणि त्यांचे वाचक

मायकेल लेहमन दिग्दर्शित ‘हेदर्स’ हा चित्रपट अमेरिकेत १९८९ साली प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला फारसा प्रेक्षक लाभला नाही. पुढे तो काळ्या विनोदाचा नमुना म्हणून नावाजला गेला. शाळांतील गोळीबारांच्या बातम्या वाचत वाढलेल्या विद्यार्थ्यांपुढे तो आज ठेवावा काय, असे अलीकडे एका सहकाऱ्यांनी मला विचारले. प्रश्न अप्रस्तुत नव्हे. याच कथेवरील दूरचित्रवाणी मालिकेचे प्रक्षेपण २०१८ साली पार्कलंड येथील शाळेतल्या हत्याकांडानंतर पुढे ढकलावे लागले होते. तरीही हा चित्रपट दाखवावा, असेच मला वाटते.

ओहायोतील एका शाळेवर तीन मुलींच्या कंपूचे राज्य आहे. तिघींचेही नाव हेदर. त्यांच्यात वावरणाऱ्या व्हेरोनिकाला दुसऱ्याचे हस्ताक्षर हुबेहूब वठवता येते. या कलेतून आरंभी मार्था नावाच्या एकाकी मुलीची कुचेष्टा करणारी बनावट चिठ्ठी तयार होते. पुढे जे. डी. या तरुणाच्या नादाने घडलेल्या खुनांवर पांघरूण घालणारी आत्महत्येची पत्रेही त्याच लेखणीतून उतरतात.

चित्रपटाचा खरा रोख या पत्रांच्या वाचकांवर आहे, असे माझे प्रतिपादन आहे. कंपूची क्रूर नायिका मरताच पत्रातून ती हळवी, व्यथित जीव ठरते. शिक्षिका त्यावर वर्गात भावनांची चर्चा घडवून आणतात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपली म्हण येथे शब्दशः खरी ठरते. या मुलीने असे लिहिले असते काय, ही साधी शंकाही कोणाला येत नाही; कारण पत्र सर्वांनाच सोयीचे असते. याउलट मार्था खरोखरच जीव द्यायला जाते आणि वाचते, तेव्हा लोकप्रिय मुलांची नक्कल म्हणून तिची हेटाळणी होते. खोट्या पत्राला अश्रू आणि खऱ्या दुःखाला कुचेष्टा! हा विनोद काळा आहे तो मृतदेहांमुळे नव्हे, या व्यवहारामुळे.

जे. डी.च्या बेदरकारपणावर चित्रपट स्वतःच काहीसा लुब्ध झाला आहे, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु त्याचे तत्त्वज्ञान कथानकच खोडून काढते. पहिली हेदर मरते आणि तिचा लाल केसबंध दुसरीच्या केसांत दिसू लागतो. खुनाने कंपूशाही संपत नाही, केवळ गादीवरची व्यक्ती बदलते. शेवटी शाळा उडवून देण्याचा त्याचा बेत व्हेरोनिका हाणून पाडते आणि तो केसबंध स्वतः बांधते. मात्र ती सत्ता हाती येताच ती मार्थाकडे जाते व एका संध्याकाळी सोबत चित्रपट पाहू या, एवढेच सुचवते.

हे आमंत्रण तिला पत्राने द्यावे लागत नाही. ती समोर जाऊन बोलते. विद्यार्थ्यांशी या चित्रपटाची चर्चा करावयाची असेल, तर ती येथून सुरू करावी. आपल्या वर्गातली मार्था कोण, हे आपण तिच्या पत्राची वाट न पाहता ओळखतो काय, हा प्रश्न प्रथम अध्यापकांनी स्वतःला विचारावा.